कावळ्याचे पिल्लू आणि दहा वर्षांचा मुलगा : एक प्रकरण अभ्यास

एकट्या पडलेल्या मुलाने एखाद्या रानपाखराशी जमवलेली मैत्री घरातल्या मोठ्यांना बहुतेक वेळा कळते ती पाखरू आजारी पडल्यावर. मग घरात दोन तट पडतात. एकाचे म्हणणे, राहू दे, तेवढाच पोराला विरंगुळा. दुसऱ्याचे, आत्ताच्या आत्ता नेऊन सोड. या प्रकरणात दोन्हींपैकी काहीही केले असते तरी पिल्लू जगले नसते. आणि मुलाचा प्रश्न होता तिथेच राहिला असता, कारण तो पिल्लाच्या येण्याने सुरू झालेला नव्हता.

यातला मुलगा कुणी एक खरा मुलगा नाही. जखमी पाखरांची शुश्रूषा करणाऱ्यांकडे अशी प्रकरणे येतात तेव्हा घटनांचा जो क्रम पुन्हा पुन्हा दिसतो, तो इथे एका घराच्या रूपाने मांडला आहे.

घर, मुलगा आणि झाड

मुलगा दहा वर्षांचा, एकुलता एक. घर बदलले तेव्हा शाळेचे वर्ष निम्मे सरले होते. वर्गात कोण कुणाशेजारी बसणार, डबा कुणाबरोबर खाणार, हे सगळे ठरून गेलेले. आईवडील दोघेही नोकरीला. शाळा सुटल्यापासून ते घरी येईपर्यंत रोज तीन तास तो एकटा. खोड्या नाहीत, मार्क बरे, त्यामुळे शाळेची तक्रार नाही. अशी मुले नजरेतून सुटतात. मधल्या सुट्टीत तो जिन्याखाली बसून असतो हे घरी कुणाला ठाऊक नव्हते.

घरामागच्या झाडाखाली त्याला कावळ्याचे पिल्लू दिसले. अंगभर पिसे, पण शेपूट आखूड. डोळे निळसर करडे, चोचीच्या कोपऱ्यांना मऊ गुलाबी कड, तोंड उघडले की आतून लालभडक. उडी मारायचे आणि दोन हातांवर जाऊन कोसळायचे. वर दोन मोठे कावळे आकांत करत होते आणि मुलाच्या डोक्यावरून झेपावत होते. मुलाने अर्थ लावला तो सरळ होता: पिल्लू आजारी आहे, त्याला आई नाही, आणि हे दोघे त्याला मारायला टपले आहेत. त्याने ते पुठ्ठ्याच्या खोक्यात घातले आणि घरी आणले. खोके अकरा दिवस बाल्कनीतल्या जुन्या कपाटामागे होते.

पिल्लू टाकलेले नव्हते

कावळ्याची पिल्ले जातीनुसार साधारण तीन ते पाच आठवड्यांची झाली की घरट्याबाहेर पडतात, आणि बहुतेक वेळा नीट उडता येण्याआधीच पडतात. पुढचे काही दिवस ती जमिनीवर, कुंपणावर, खालच्या फांद्यांवर धडपडत असतात. आईबाप वरून लक्ष ठेवतात, चारा आणून भरवतात, आणि पिल्लाला उडता येऊ लागल्यावरही कित्येक आठवडे भरवत राहतात. झेपावणारे ते दोघे मुलावर धावून येत होते. आकांत करणारे मोठे कावळे जवळ असणे हीच पिल्लाला आईबाप असल्याची सर्वांत भक्कम खूण.

अशा वेळी करायचे एवढेच: कुत्री-मांजरे आत बांधायची, माणसांनी लांब सरायचे, आणि आडोशाने तासभर पाहत राहायचे. पिल्लू रस्त्यावर किंवा पायदळी येण्याच्या जागी असेल तर ते उचलून जवळच्या झुडपात किंवा खालच्या फांदीवर ठेवावे. माणसाचा हात लागला की कावळे पिल्लाला टोचून मारतात, ही समजूत खोटी आहे. शिवल्यामुळे आईबाप पिल्लू टाकत नाहीत.

उचलून उपचाराला न्यायची कारणे मोजकी आहेत. रक्त येत असणे, एक पंख लोंबत असणे, पिसे न फुटलेले पिल्लू घरटे सापडत नसताना खाली पडलेले असणे, अंग गार पडलेले असणे, अंगावर माशांची अंडी दिसणे, किंवा आईबाप मेल्याची खात्री असणे. मांजराने तोंडात धरलेले पिल्लू वरून धडधाकट दिसले तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यायलाच हवे. मांजराच्या लाळेतले जीवाणू दातांच्या बारीक भोकांतून आत जातात आणि वेळेत प्रतिजैविक मिळाले नाही तर पाखरू दोन-तीन दिवसांत दगावते. या प्रकरणात यांतले एकही कारण नव्हते.

अकरा दिवस

मुलाने त्याचे नाव काळू ठेवले. शाळेतून आला की दप्तर फेकून थेट बाल्कनीत. दिवसभराचे सगळे त्याला सांगायचे, गृहपाठही तिथेच. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पिल्लू त्याची चाहूल लागली की पंख फडफडवून, मान वर करून तोंड उघडायला लागले. भुकेल्या पिल्लाचे हे नेहमीचे वागणे; पण ज्याची वाट दिवसभरात कुणीच पाहत नाही अशा मुलाला ते कसे वाटले असेल हे सांगायला नको. पुढचे सगळे निर्णय घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागली.

खायला दुधात भिजवलेला पाव. पाणी चमच्याने चोचीत. दोन्ही गोष्टी बहुतेक घरांत अशाच होतात आणि दोन्ही घातक आहेत.

पाखरांना दुधातली साखर पचत नाही. पोट बिघडते, पातळ शिटेतून अंगातले पाणी जाते. पावाने पोट भरते, पण त्यात वाढीला लागणारी प्रथिने पुरेशी नसतात आणि कॅल्शियम फारच कमी असते. याच वयात पंखांची आणि शेपटीची लांब पिसे अजून म्यानातून बाहेर येत असतात आणि पायांची हाडे टणक होत असतात. अन्न निकृष्ट असेल तर त्या दिवसांत वाढलेल्या पिसाच्या भागावर ते कायमचे उमटते: आडवी फिकट रेघ, कधी पांढुरका पट्टा, आणि नेमके तिथेच पीस मोडते. नुसते मांस भरवणाऱ्यांकडूनही हीच गफलत होते. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट लागते. ते न मिळाल्यास शरीर हाडांतून ओढून घेते आणि पाय वाकतात.

पाण्याचे कारण शरीररचनेत आहे. पाखराच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशी, जवळजवळ उघड्यावर असते. वरून ओतलेले पाणी सरळ तिकडे जाऊ शकते. पिल्लांना पाणी अन्नातूनच मिळते. ती पाणी मागत नाहीत आणि त्यांना वरून पाजायचे नसते.

अकराव्या दिवशी आईने खोके पाहिले. पिल्लू पोटावर फतकल मारून बसलेले, पाय बाजूला फाकलेले, श्वासाबरोबर बारीक टकटक. तिचा पहिला प्रश्न होता, "अरे, मला सांगितलं का नाहीस?" मुलाचे उत्तर: "तू सोडून ये म्हणाली असतीस."

तपासणीच्या टेबलावर

पाखरे हाताळणाऱ्या पशुवैद्याने आधी ते हातात न घेता दोन मिनिटे नुसते पाहिले. घाबरलेल्या आजारी पाखराला लगेच धरले तर ते हातातच मरू शकते. मग श्वास ऐकला, तोंड उघडून पाहिले, छातीचे हाड चाचपले. धडधाकट पिल्लात या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेले असते. इथे हाड सुरीच्या पात्यासारखे हाताला लागत होते. एक्स-रेमध्ये पायांची हाडे फिकट आणि किंचित वाकलेली, मोड मात्र नाही. पंखांच्या लांब पिसांवर एकाच उंचीवर फिकट पट्टा. फुफ्फुसात संसर्गाची सुरुवात.

उपचार असे झाले. पहिले काही तास काळोखी, उबदार, शांत पेटी आणि अंगातले पाणी भरून काढणारे द्रव, भरवणे त्यानंतर. सुकलेल्या, गारठलेल्या पाखराला घाईने खाऊ घातले तर ते पचत नाही आणि त्यानेच जीव जातो. संसर्गावर प्रतिजैविक, मात्रा वजनावरून. कॅल्शियम डॉक्टरांनी ठरवल्याप्रमाणे. पाय अंगाखाली राहावेत म्हणून टॉवेलची गोल चुंबळ करून पिल्लाला त्यात बसवले. सपाट, गुळगुळीत पुठ्ठ्यावर पाय आणखी फाकतात.

अन्न म्हणजे मांजरीच्या पिल्लांचे कोरडे खाद्य, पाण्यात भिजवून स्पंजासारखे मऊ केलेले. दाबल्यावर पाणी निथळता कामा नये. त्यात कुस्करलेले उकडलेले अंडे, किडे, आणि वरून कॅल्शियमची पूड. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत सुरुवातीला दर तासाला, आठवडाभरानंतर दीड-दोन तासांनी. बोथट चिमट्याने घास तोंडात मागच्या बाजूला ठेवायचा. पोट भरले की पिल्लू तोंड उघडणे थांबवते, तिथे थांबायचे. रोज सकाळी पहिल्या घासाआधी वजन. वजन दोन दिवस लागोपाठ वाढले नाही तर अन्न बदलण्याआधी विष्ठा तपासायची.

छाप की सवय

घरच्यांना भीती होती की आता हे पाखरू स्वतःला माणूसच समजणार. भीती अगदीच निराधार नव्हती. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले की पाखरांच्या पिल्लांवर आयुष्याच्या सुरुवातीच्या ठरावीक काळात जवळ वावरणाऱ्या सजीवाची छाप पडते आणि ती सहजी पुसली जात नाही. लोरेन्झ ऑस्ट्रियात कावळ्याच्याच कुळातले जॅकडॉ पाळत. माणसाच्या हातून वाढलेला त्यांचा एक नर जॅकडॉ त्यांनाच जोडीदार मानून चावलेल्या अळ्या त्यांच्या तोंडात, आणि तोंड मिळाले नाही तर कानात, कोंबायचा. ऐकायला गंमत वाटते. पण असे पाखरू आपल्या जातीत जोडी जमवू शकत नाही. लोरेन्झ यांना १९७३ मध्ये कार्ल फॉन फ्रिश आणि निको टिनबर्गन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

या पिल्लाचे तसे झाले नव्हते. डोळे उघडल्यापासूनचे आठवडे त्याने आईबाप आणि भावंडांमध्ये काढले होते. कावळा कसा दिसतो, कसा ओरडतो, हे त्याला ठाऊक होते. अकरा दिवसांत घडले ते माणसाळणे: माणूस आला की अन्न येते, ही सवय. सवय मोडता येते. डोळे न उघडलेले पिल्लू हातावर वाढवले असते तर हेच इतक्या खात्रीने सांगता आले नसते.

ती मोडणे मात्र भागच होते. माणसाला न भिणारा कावळा अनोळखी माणसाच्या खांद्यावर जाऊन बसतो, पोरांच्या हातातला खाऊ हिसकावतो, चष्म्याला किंवा डोळ्याच्या चकाकीला चोच मारतो. त्याला मारायला काठी उचलणाराही त्याला अन्न देणारा वाटतो. आणि रानातले कावळे त्याला आपल्यात घेत नाहीत.

उपाय एकच, बरोबरीची पाखरे. श्वास मोकळा झाला, पाय अंगाखाली धरू लागले, तेव्हा पिल्लाला शुश्रूषा केंद्रात त्याच वयाच्या इतर चार कावळ्यांबरोबर ठेवले. तीन मीटर रुंद, सहा मीटर लांब, तीन मीटर उंच असे उडता येण्याजोगे जाळीघर, वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या, तळाला पालापाचोळा आणि त्यात दडवलेले किडे. अन्न पडद्याआडून सरकवायचे, तिथे कुणी बोलायचे नाही. पहिले दोन-तीन दिवस ते जाळीला चिकटून माणसाच्या आवाजाकडे तोंड उघडत राहिले. मग दुसऱ्याचा घास पळवायला शिकले, आणि त्यानंतर माणसाची सावली पडली की बाकीच्यांबरोबर तेही वरच्या फांदीवर जाऊ लागले.

मुलाला काय सांगितले

"काळू उडून गेला" असे सांगून मोकळे व्हायचा वडिलांचा विचार होता. हा सल्ला घराघरांत दिला जातो आणि तो वाईट आहे. दहा वर्षांच्या मुलाला वाकड्या पायांचे पिल्लू उडून जात नाही एवढे कळते. आपल्याला फसवले हेही कळते.

त्याला खरे सांगितले, आणि क्रमाने. आधी पिल्लाला काय झाले आहे ते. मग ते कशाने झाले ते. दूध आणि पाणी चुकीचे होते हे लपवले नाही, पण तू ते मुद्दाम केले नाहीस हे त्याच वाक्यात. मग पुढे काय होणार: औषध, कावळ्यांबरोबर राहणे, आणि जगले तर सोडणे. जगेलच असे वचन कुणी दिले नाही. "मी मारलं का त्याला?" हा प्रश्न येतोच. डॉक्टरांनी दिलेले उत्तर नमुना म्हणून ठेवावे असे आहे: "तू त्याला चुकीचं खायला घातलंस, त्याने ते आजारी पडलं. तुला हे माहीत नव्हतं. आता माहीत झालंय, तर मला मदत कर."

आणि मदत खरी होती. मुलगा आठवड्यातून दोन दिवस केंद्रात येऊन वजनांचा तक्ता भरायचा, अंडी सोलून कुस्करायचा, खाद्य भिजत घालायचा. जाळीघराजवळ जायची मुभा नव्हती. भिंतीतल्या फटीतून पाच मिनिटे पाहायचे, बोलायचे नाही. काम संपले की साबणाने वीस सेकंद हात धुवायचे. पाखरांच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू येतात, आणि मेलेला कावळा तर बर्ड फ्लूच्या शक्यतेमुळे उघड्या हाताने कधीच उचलायचा नाही. काळू हे नाव त्याने ठेवले ते राहू दिले. तक्त्यावर मात्र क्रमांक होता.

पहिल्याच आठवड्यात त्याने हट्ट धरला की सोडताना पिल्लू आपल्या बाल्कनीतच सोडा. यावर नकार ठाम होता. सोडायचे ते गटाने, आणि जाळीघराच्याच झडपेतून, म्हणजे सुरुवातीला परत येऊन खाता येते.

सोडण्याआधीच्या अटी: खालून वर, थेट उंच फांदीवर उडता येणे, वळताना धडक न बसणे, जिवंत किडा स्वतः शोधून खाणे, अंगावर पाणी मारल्यावर पिसे भिजून चिंब न होणे, माणूस दिसला की दूर जाणे, आणि आठवडाभर वजन स्थिर. फिकट पट्ट्यावर दोन पिसे मोडली होती, पण उड्डाण सावरलेले होते. जास्त मोडली असती तर पुढच्या पीसझडीपर्यंत, म्हणजे जवळपास वर्षभर, ठेवावे लागले असते; दूध-पावाची खरी किंमत ती. सहाव्या आठवड्यात, पुढचे दोन-तीन दिवस पाऊस नाही असे पाहून, सकाळी झडप उघडली. पाचही गेले. झडपेवर अन्न तीन आठवडे ठेवले, रोज थोडे कमी करत.

मुलावर डूख धरणारे कावळे

या प्रकरणातला सगळ्यात चमत्कारिक आणि सगळ्यात उपयोगी भाग इथून पुढे आहे.

घरामागच्या झाडावरची जोडी मुलाला विसरली नव्हती. तो दाराबाहेर आला की दोघे ओरडत यायचे, शेजारची आणखी दोन-तीन गोळा व्हायची. आईवर नाही, वडिलांवर नाही, फक्त त्याच्यावर. घरच्यांना हा योगायोग वाटला. तसे नव्हते. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये गुहामानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले, पायांत कडी घालून सोडून दिले. पुढे तो मुखवटा घालून कुणीही फिरले की कावळे आरडाओरडा करत मागे लागत. पकडले न गेलेलेही. हा राग वर्षानुवर्षे टिकला आणि पसरत गेला. कावळे चेहरा लक्षात ठेवतात. कपडे बदलून त्यांना चकवता येत नाही.

मुलाला हे सांगितले तेव्हा तो आधी रडवेला झाला. मग त्याने विचारले, "त्यांना कळेल का मी चोर नाही ते?" याचे उत्तर करून पाहता येण्याजोगे होते, आणि पिल्लाशी जमली नव्हती अशी रास्त मैत्री इथे शक्य होती: दोन्हीकडून मोकळी, कुणी कुणाच्या खोक्यात नाही.

पद्धत अशी ठरली. विणीचा काळ संपेपर्यंत काहीही करायचे नाही. झाडाखालून न जाता दुसऱ्या वाटेने जायचे, अगदीच जावे लागले तर छत्री उघडून. त्यानंतर रोज एकाच वेळी, झाडापासून वीसेक मीटरवर, एकाच सपाट दगडावर सालासकट सहा बिनमिठाचे शेंगदाणे ठेवायचे. ठेवताना जिभेने तोच एक आवाज काढायचा. वर पाहायचे नाही. टक लावून पाहणाऱ्या माणसाला कावळा टाळतो. ठेवून पाठ फिरवायची, घरात जायचे, खिडकीच्या पडद्याआडून वही घेऊन बसायचे. वहीत चार रकाने: वेळ, किती आले, आधी कुणी उचलला, किती वेळात संपले.

पहिले दहा-बारा दिवस एकही दाणा उचलला गेला नाही, किंवा खारींनी नेला. इथे बहुतेक मुले दोन चुका करतात. एक, दाणे वाढवतात. दुसरी, झाडाच्या जवळ नेऊन ठेवतात. दोन्हींनी कावळ्यांचा संशय वाढतो. सहाचे सहाच ठेवायचे, जागा हलवायची नाही. हळूहळू एक कावळा मुलगा आत गेल्यावर उतरू लागला. आडवा चालत, उडी मारून मागे सरत, एक दाणा उचलून थेट फांदीवर. मग एकाच चोचीत दोन दाणे बसवायचा त्याचा खटाटोप सुरू झाला: पहिला आत सरकवायचा, दुसऱ्यावर चोच ठेवायची, पहिला खाली पडायचा, दोन्ही खाली ठेवून मोठा कुठला ते उचलून पाहायचे. वहीची दोन पाने याच वर्णनाने भरली आहेत. दीडेक महिन्याने आरडाओरडा थांबला. त्यानंतर मुलगा दगडापासून पंधरा मीटरवर बसू लागला, मग दहा, मग सहा.

सहावर थांबायचे हे आधीच ठरलेले होते. हातावर दाणा ठेवून कावळा बोलावणे जमले असते, कदाचित. पण माणसाच्या हाताची भीती गेलेला कावळा कुठल्या हातावर विश्वास ठेवावा हे ठरवू शकत नाही, आणि हे मुलाने जाळीघराच्या फटीतून स्वतः पाहिले होते.

कावळे भेटवस्तू आणून देतात अशी माहितीही त्याला कुठूनतरी मिळाली होती. खाऊ देणाऱ्यांच्या जागी कावळ्यांनी काचेचे तुकडे, खिळे, मणी टाकल्याचे काही प्रसंग सांगितले जातात. त्याची आस लावू नये. वाट पाहणारे मूल मग खाऊ वाढवते, आणि न मिळालेल्या मण्याचा अर्थ 'मी त्यांना आवडत नाही' असा लावते.

एकदा गडबड झालीच. शाळेत वाईट गेलेल्या एका आठवड्यात मुलाने सहाऐवजी रोज मूठभर दाणे आणि वर पाव टाकला. चौथ्या दिवशी वीसेक कावळे, संध्याकाळी उंदीर, आणि शेजाऱ्यांच्या गाडीवर विष्ठा. शेजारी भांडायला आले ते रास्तच होते. शिवाय कावळे लहान पाखरांची अंडी-पिल्ले खातात. एका जागी कावळ्यांची गर्दी जमवली की आसपासच्या घरट्यांवर त्याचा भार पडतो. आठवडाभर खाऊ पूर्ण बंद केला, मग पुन्हा सहा. पंधरा-वीस मिनिटांत न संपलेले उचलून घ्यायचे हा नियम तेव्हा जोडला. खारट, तळलेले, चॉकलेट आणि अ‍ॅव्होकॅडो कधीच नाही. शेवटचे दोन पाखरांना विषारी आहेत.

मुठीने टाकलेल्या त्या दाण्यांमुळे वही मोठ्यांनाही वाचता येऊ लागली. दाणे वाढतात तेव्हा शाळेत काहीतरी बिनसलेले असते, हे आईने ताडले.

दुसरा प्रश्न

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले: जिवाभावाचे कुणी नसणे, आणि मिसळायला गट नसणे. एकाची उणीव दुसऱ्याने भरत नाही. पाळलेले किंवा ओळखीचे जनावर पहिल्याला थोडाफार दिलासा देते. मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसायचे, या प्रश्नावर कावळ्याकडे उत्तर नाही. म्हणून पाखराचे मार्गी लागले की मुलाचेही लागले असे धरून चालणे ही या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक ठरली असती.

समुपदेशकाने आधी नुसते बोलून, मग प्रश्नावलीने अंदाज घेतला. मुलांच्या एकटेपणासाठी अ‍ॅशर, हायमेल आणि रेनशॉ यांनी १९८४ मध्ये केलेली चोवीस वाक्यांची प्रश्नावली आहे. त्यांतली सोळा एकटेपणाची, उरलेली आठ छंद-आवडींची, मुलाला अवघडू नये म्हणून मध्ये पेरलेली. उत्तरांपेक्षा, कुठल्या वाक्याशी मूल थबकते ते उपयोगी पडते.

"जा, मित्र कर" असे कुणी म्हटले नाही. दोन माणसांशिवाय होणार नाही असे काम शोधले. कावळे मोजताना एकाने मोजायचे आणि दुसऱ्याने वेळ लिहायची, हे त्याच गल्लीतल्या, वर्गातल्याच एका मुलाला आठवड्यातून एकदा बोलावून करून घेतले. तो मुलगा कावळ्यांसाठी नव्हे, घरच्या दुर्बिणीसाठी येत होता, आणि त्याला काही हरकत नव्हती. वर्गशिक्षकांनी मधल्या सुट्टीत दोघांना एकच काम दिले. तीन तासांचा एकांत दोन दिवसांपुरता तरी मोडावा म्हणून वडिलांनी कामाची वेळ बदलून घेतली; सगळ्यांना हे जमत नाही, पण जमत असेल तर बाकी कुठल्याही उपायापेक्षा ते आधी करावे.

मूल दोन आठवड्यांहून अधिक नीट झोपत-जेवत नसेल, शाळेत जायलाच नकार देत असेल, किंवा जगणे नको असे काही बोलत असेल, तर मात्र वही, पाखरू, दुर्बीण सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

जनावर दुसरे असते तर

कावळा होता म्हणून इतके निभावले. माकड, कोल्हा, मुंगूस, वटवाघूळ असते तर पहिल्याच दिवशी प्रश्न रेबीजचा. सस्तन प्राण्याने चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची; जनावर गोंडस आहे, पिल्लू आहे, चावताना खेळत होते, यांपैकी कशानेही हे टळत नाही. माकडाचे पिल्लू वयात आले की बहुतेक वेळा चावते. अनेक देशांत रानटी प्राणी परवान्याशिवाय घरात ठेवणे बेकायदा आहे, त्यामुळे 'थोडे दिवस' हा बहाणाही चालत नाही.

पुढच्या विणीनंतर

विणीच्या चार-पाच आठवड्यांत झाडावरची जोडी पुन्हा ओरडली, पण या वेळी सगळ्यांवरच. मुलाने तेवढे दिवस दगड रिकामा ठेवला. नंतर खाऊ पुन्हा सुरू झाला खरा, पण दिवस चुकू लागले. कधी खेळायला गेलेला, कधी त्या दुसऱ्या मुलाच्या घरी. आईने विचारले, त्याला आठवण करून द्यावी का? गरज नाही. सहा दाण्यांवर कुठल्याही कावळ्याचे पोट अवलंबून नसते. मात्रा मुद्दाम एवढी ठेवली होती ती यासाठीच. बाल्कनीतले पाण्याचे उथळ भांडे मात्र, रोज धुतले जाणार नसेल तर, पालथे घालून ठेवावे. साचलेल्या पाण्यात डास होतात.